नव्या गाडीचा साज

मोटारसायकल विकत घ्यायला पैसे लागतात, पण ती सजवायला अक्कल लागते! आणि अक्कल म्हटलं की आमच्या ऑफिसातले लोक माझ्याकडे बघतात. का बघतात, हे मी कधी विचारायला गेलो नाही.

नवी गाडी दारात आली तेव्हा बायको मनापासून खूश झाली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "छान आहे हो! आता बससाठी ताटकळायला नको. फक्त मागे पाय ठेवायला जरा रुंद फूटरेस्ट बसवून घ्या आणि धरायला काहीतरी. एवढं केलं की झालं."

एवढं केलं की झालं! मला तिची कीव आली.

"अगं, कंपनीतून आली तश्शी गाडी चालवायची म्हणजे शर्टाचं कापड न शिवता अंगाला गुंडाळून फिरायचं! तू बघच, या गाडीला मी कसा साज चढवतो ते."

ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती बोलत नाही म्हणजे तिला पटलंय असं मी समजतो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच भानगडी या समजुतीतूनच सुरू झाल्या आहेत.

गाड्यांचं सामान विकणारं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदाराने माझी गाडी बघितली, मला बघितलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्हाला गाडीतलं कळतं!"

संपलं! या एका वाक्याने माझा खिसा जेवढा झटकन उघडला, तेवढा एखाद्या मुरलेल्या खिसेकापूलाही उघडता आला नसता.

"हे आरसे बघा," तो म्हणाला. "सुपं लावल्यासारखे दिसतात. काढून टाकू! हे घ्या, हॅन्डलच्या टोकाला बसतात. रुपयाएवढे, पण काय दिसतात!"

"त्यात मागचं दिसतं का?" बायकोने विचारलं.

"वहिनी, ज्याला पुढे जायचंय त्याने मागे कशाला बघायचं?"

मी इतका हसलो की काउंटरवर हात आपटला. बायको हसली नाही.

मग सायलेन्सर बदलला. जुना सायलेन्सर म्हणे कुजबुजत होता! नव्याचा आवाज असा, की गाडी सुरू केल्याबरोबर समोरच्या टपरीवरच्या बरण्या थरथरल्या. मग मागचे शॉकअप. "एकदम कडक!" दुकानदार म्हणाला. "मागे कुणी बसलंय की नाही, चालवणाऱ्याला पत्ता लागणार नाही!" मला ही केवढी मोठी सोय वाटली होती, ते आठवलं की आजही मान खाली जाते. मग दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या आणि मागे एक मोठी पेटी. बाजूच्या पेट्या बसेनात, म्हणून मागच्या फूटरेस्ट उचलून वर घेतल्या.

"वहिनींचे पाय किंचित वर येतील," दुकानदार म्हणाला.

"किंचित म्हणजे?"

"आपण खुर्चीवर उकिडवे बसतो ना, साधारण तेवढेच."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने कपाटातल्या हेल्मेटांकडे बघितलं. आणि तिथेच माझा घात झाला! दोन काळीशार हेल्मेटं. आत माइक, आत स्पीकर. पुढच्याने बोलायचं, मागच्याने ऐकायचं. फोन आला तरी हात लावायला नको, 'टुंग' वाजतं आणि आपोआप उचलला जातो.

"हे बघ, हे खास तुझ्यासाठी!" मी म्हणालो. "आता आपण गप्पा मारत जाऊ!"

"मला फूटरेस्ट हवी होती."

"अगं, फूटरेस्टशी गप्पा मारता येतात का?"

या विनोदावर दुकानदार एकटाच हसला. तोवर बिल झालेलं होतं.

आता एवढी सजलेली गाडी दाखवायची कुणाला? गल्लीतल्या लोकांनी आवाज ऐकून आधीच खिडक्या लावून घेतल्या होत्या. म्हटलं, सासरेबुवांना दाखवू! माझे सासरे निवृत्त शाळा-तपासनीस. आयुष्यभर शाळा तपासत फिरलेला माणूस, नजर अजून तपासणीचीच. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या परीक्षेला बसलोय आणि निकाल राखून ठेवलाय.

शुक्रवारी दुपारीच निघायचं ठरवलं. पण रजा? आमच्या विभागाच्या मॅडम कामाला कडक. मी तोंड पाडून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, सासऱ्यांनी एकदम अंथरूण धरलंय. काही खरं दिसत नाही."

मला वाटलं, दोनचार प्रश्न विचारतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, ताप किती वगैरे. पण मॅडमचा चेहराच उतरला.

"अहो, मग इथे काय करताय? निघा! टेबलावरच्या ऑर्डरी मी बघते."

आणि खरोखरच त्यांनी माझ्या टेबलावरचा गठ्ठा उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवला. तेव्हा मनात कुठेतरी बारीक टोचलं. पण बाहेर गाडी उभी होती, ऊन पडलं होतं, पेट्या चकाकत होत्या. टोचलेलं मी झटकून टाकलं.

गावाबाहेर पडलो आणि गप्पा सुरू झाल्या.

"काय म्हणतेस? ऐकू येतंय ना?"

"येतंय. पाय बधिर झालेत."

"वा! किती स्पष्ट ऐकू येतं!"

"अहो, पाय! गुडघे माझ्या हनुवटीला लागतायत!"

"बोल, बोल! असंच मनमोकळं बोलत राहा!"

थोड्या वेळाने पेट्रोल पंप लागला. मी रांगेत शिरलो. बायको उतरली, पर्स मागच्या पेटीत टाकली आणि पाय मोकळे करायला हवा भरायच्या मशीनकडे लंगडत गेली. पेट्रोल भरून झालं. मागचा टेम्पोवाला भोंगा वाजवायला लागला. मी गाडी सुरू केली. बरण्या थरथरवणारा तो आवाज! मान वळवावी तर हेल्मेट खांद्याला अडतंय, आरशात बघावं तर माझंच कोपर दिसतंय. तेवढ्यात कानात 'टुंग' झालं. मी आपला माइकमध्ये विचारलं, "झालं का? बसलीस?"

लगेच बाईचा आवाज आला, "हो, बसलेय. बोला."

मी निघालो.

मागून कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं. पण नव्या गाडीकडे बघून लोक ओरडतातच! मी ऐटीत हात हलवला आणि वेग वाढवला.

वारा, सायलेन्सर आणि हेल्मेटचा डबा यांतून कुणाचाही आवाज एकसारखाच येतो, हे त्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

"बाबा कसे आहेत?" कानात विचारणा झाली.

"बाबा? त्यांना काय धाड भरलीय! परवाच शिडीवर चढून छपराचं पन्हळ साफ करत होते की!"

"म्हणजे... आजारी नाहीत?"

"कमाल आहे तुझी! अगं, ते मी मॅडमना सांगितलं, रजेसाठी! काय सुंदर थाप मारली म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं होतं! आणि ती भोळी बाई, गरीब गाय बिचारी, माझं सगळं काम स्वतःच्या टेबलावर घेऊन बसली!"

"मी मॅडमच बोलतेय!"

"अर्थात! आजपासून तूच माझी मॅडम! बरं, पुढे खड्डा आहे. घट्ट धर मला, राणी!"

"काय?" आणि 'टुंग'.

लाजली, मी मनात म्हटलं.

त्यानंतर ती काही बोलली नाही. पण मी बोललो! सासऱ्यांचा चिकटपणा, सासूबाईंचा घोरण्याचा आवाज, तिचं ते प्रत्येक गोष्टीत खोट काढणं, जे जे इतक्या वर्षांत ओठांवर येऊन परत गेलं होतं ते सगळं बोलून टाकलं. तिने एका अक्षराने तोडलं नाही! लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं होतं. माझा ऊर भरून आला. म्हटलं, हेल्मेटं घेतल्याचं सार्थक झालं!

सासरेबुवा फाटकातच उभे होते. एका हातात फोन. सासूबाई मागे पायरीवर, शेजारचे दोघेतिघे कुंपणाशी. केवढं स्वागत! मी गाडी रुबाबात त्यांच्यासमोर आणून थांबवली, दोन्ही पाय जमिनीवर रोवले, गाडी घट्ट धरली आणि प्रेमाने म्हणालो, "हं, उतर आता. सावकाश!"

"जावईबापू," सासरेबुवांनी शांतपणे विचारलं, "कुणाला उतरवताय?"

"म्हणजे काय बाबा! तुमच्या लेकीला!"

"अस्सं. उतरवा. आम्हीही बघतो."

"अगं, उतर ना!" मी हसत हसत म्हणालो. "पायाला मुंग्या आल्यात वाटतं तिच्या. थांब, हात देतो." आणि मी हात मागे नेला. हाताला सीट लागली. नुसती सीट. उन्हाने तापलेली, रिकामी.

मी दोनदा चाचपून बघितली. माणूस हरवेल इतकी ती मोठी नव्हती!

सासरेबुवांनी फोन तोंडाजवळ नेला. "ऐकतेस ना गं? ते तुला उतरवतायत."

फोनमधून बायकोचा आवाज आला. सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "त्यांना म्हणावं, सावकाश चालू द्या. मी अजून पंपावरच आहे."

कुंपणापाशी कुणीतरी फिसकन हसलं. मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतली. त्या क्षणी त्या हेल्मेटचा तेवढा एकच उपयोग होता.

तिची पर्स, पर्समध्ये फोन, आणि ते सगळं माझ्या मागच्या पेटीत कुलूपबंद! पंपावरच्यांनी त्यांचा फोन दिला, पण तिला पाठ असलेला नंबर एकच, वडिलांचा. म्हणजे मी रस्ताभर सासऱ्यांचा चिकटपणा वर्णन करत होतो, तेव्हा सासरे लेकीशी बोलत फाटकात येऊन उभे राहिले होते!

"मी... मी आत्ता घेऊन येतो तिला," मी पुटपुटलो.

"थांबा, मीही येतो," म्हणत सासरेबुवांनी त्यांची जुनीपुराणी स्कूटर बाहेर काढली. "एकदा तुमच्या भरवशावर पाठवली तेवढं पुरे झालं."

परतीचा तो रस्ता मी कसा कापला, ते माझं मला माहीत. पुढे मी, तोफ उडवल्यासारखा आवाज करत. मागे सासरे, शिवणयंत्रासारखे टकटकत. सोबत कसली, बंदोबस्तच तो!

पंपावर पेट्रोल भरणाऱ्या बाईंनी तिला आपली खुर्ची दिली होती. मांडीवर हेल्मेट घेऊन ती बसली होती. चेहरा लाल, डोळे कोरडे. मला ओरडणारी बायको चालते. कोरड्या डोळ्यांच्या बायकोचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

"हेच का?" त्या बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळत विचारलं.

"हेच," बायको म्हणाली.

"मी हाका मारल्या, या धावत आल्या तर यांनी आम्हाला टाटा केला." त्या बाईंनी हे वाक्य रांगेतल्या प्रत्येक गाडीवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने उच्चारलं.

"चुकलं गं," मी म्हणालो. "मला वाटलं, तू बसलीस."

"का वाटलं?"

"तू 'बसलेय' म्हणालीस!"

"मी मशीनपाशी होते. हेल्मेट काढलेलं होतं. तुम्ही मान डोलवत, हसत, बोलत निघून गेलात." ती थांबली. "मी मागे नव्हते, तर तुम्ही बोलत कुणाशी होतात?"

मी खिशातून फोन काढला. आलेल्या कॉलमध्ये सगळ्यांत वर लिहिलं होतं, 'मॅडम'.

माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिथली तर फरशी होती, तरी सरकली! बसलेय. बाबा कसे आहेत. भोळी बाई. गरीब गाय. आणि, अरे देवा, 'घट्ट धर मला, राणी'!

"कुणाशी होतात?" बायकोने पुन्हा विचारलं.

"कुणाशी नाही," मी म्हणालो. माझा आवाज मांजराच्या पिल्लासारखा आला.

तिने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. मग उठली आणि वडिलांच्या स्कूटरवर मागे बसली. मी पंपातून बाहेर पडताना मागे बघितलं. मागे बघायची मला आता सवयच लागली होती. त्या पेट्रोलवाल्या बाईंनी मला टाटा केला.

सासऱ्यांच्या घरी सगळे बैठकीच्या खोलीत बसलो. चहा आला. सासूबाई बशीत चमचा फिरवत होत्या. माझं हेल्मेट मधल्या टेबलावर होतं, आणि मी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो.

'टुंग!'

"हॅलो?" हेल्मेट बोललं. "मी मॅडम बोलतेय. आता तरी नीट ऐकू येतंय का?"

सासूबाईंच्या हातून चमचा पडला. मी झेप घेतली. पण सासरेबुवांनी नुसता तळहात वर केला, आणि मी होतो तिथे थिजलो. किती शाळांचे मुख्याध्यापक त्या तळहातासमोर असे थिजले असतील! त्यांनी हेल्मेट उचललं, उलटसुलट बघितलं आणि चष्म्यासकट डोक्यात घातलं.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी त्यांचा सासरा."

आता पलीकडचं आम्हाला ऐकू येईना. फक्त सासरे हेल्मेटसह मान हलवत होते.

"हो... हो... काय धरलं म्हणालात? अंथरूण? छे हो! मी आत्ता स्कूटरवरून आलो... हो, ठणठणीत... पन्हळ? तुम्हाला कसं कळलं? हो, परवाच साफ केलं... नाही, माझी मुलगी तेव्हा पंपावर होती... कोण?" हेल्मेट हळूहळू माझ्याकडे वळलं. "नाही. राणी हे तिचं नाव नाही. घरी तिला तसं कुणी म्हणत नाही. निदान मी तरी आजच ऐकतोय."

मला वाटलं, मागच्या पेटीत जाऊन बसावं आणि कुणीतरी बाहेरून कुलूप घालावं.

त्यांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

मी ते डोक्यात घातलं. कमरेत वाकूनच घातलं.

"मॅडम, ते राणीचं म्हणजे... माझा तसा काही..."

"ते कळलं मला," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "भोळी म्हणालात, तेही जाऊ दे. पण मी खरंच घाबरले होते हो. माझे वडील असेच गेले, अचानक. मला पोचायला उशीर झाला होता. म्हणून तुम्हाला पिटाळलं. म्हणून फोन केला."

आतून काच धुरकट झाली.

"चुकलं, मॅडम," शेवटी म्हणालो.

"सोमवारी वेळेवर या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी हेल्मेट काढलं नाही. कुणी काढ म्हणालंही नाही. मग बायको समोर येऊन बसली आणि तिने काच वर केली.

"मला कधी राणी म्हणाला होतात हो तुम्ही?"

"अगं, तुलाच म्हणत होतो!"

"मी तिथे नव्हते."

"पण तुलाच..."

"मी नसले की म्हणता!" ती म्हणाली आणि उठून आत गेली. पण जाताना तिच्या खांद्याला जरासा हिसका बसला. ती रडत होती की हसत होती, ते मला मागून कळलं नाही. तसंही, मागचं मला कधी काय कळलंय!

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांचे पाने घेऊन अंगणात बसलो. बाजूच्या पेट्या उतरवल्या. फूटरेस्ट खाली घेतल्या. नट गंजला नव्हता, तरी हात दुखून आले, कारण सासरे खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि काही म्हणजे काही बोलत नव्हते. काम झाल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली. ती येऊन मागे बसली, पाय टेकवले, जरा हलून बघितलं.

"बरं आहे," ती म्हणाली.

एवढंच! पण मला एवढंच पुष्कळ झालं.

रविवारी दुपारी परत निघालो. हेल्मेटांमधली ती बोलायची यंत्रं मी स्वतःच्या हाताने बंद केली. आता खात्री करायची म्हणजे एकच मार्ग. थोडं अंतर गेलं की गाडी कडेला घ्यायची, उतरायचं आणि डोळ्यांनी बघायचं. पंपाच्या अलीकडे थांबलो, होती. पंपाच्या पलीकडे तर घाबरून दोनदा थांबलो. होती. ती नुसती बघायची आणि मान डोलवायची. पुलावर थांबलो, चौकात थांबलो, सिग्नलला तर सगळ्यांच्या मधोमध गाडी स्टँडवर लावून उतरलो. मागच्या लोकांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण मी ठरवलं होतं, जग काहीही म्हणो, यापुढे माझं सगळं लक्ष माझ्या बायकोकडे!

ऊन कलायला लागलं तेव्हा एका मोकळ्या रस्त्यावर मी पुन्हा थांबलो, उतरलो आणि हेल्मेट काढून, मन घट्ट करून विचारलं, "आहेस ना... राणी?"

तिने काच वर केली. दोन दिवसांनी पहिल्यांदाच मला तिचं हसू दिसलं.

"मी आहे हो," ती म्हणाली. "पण आपलं घर मघाशीच मागे राहिलं."